धाकट्याचा अंगठा

"मास्तर, जरा सैल करा ना. बोटं बधिर होतायत," कप्तान म्हणाला.

"सैल केली तर तिसऱ्या मिनिटाला मलाच शिव्या घालशील," असं म्हणत मास्तरांनी टाचेवरून पट्टीचा आणखी एक वेढा ओढला. बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना तासाभरावर आला होता. तीन मास्तरांच्या संघाने जिंकले होते, तीन नदीपलीकडच्यांनी.

सव्वीस वर्षं मास्तर या संघाचे घोटे बांधत होते. पलीकडच्या संघात तेच काम त्यांचा धाकटा भाऊ करायचा. त्याला शिकवलं मास्तरांनीच, स्वतःचे पाय पुढे करून.

यंदा मास्तरांचा संघ पहिले नऊ सामने ओळीने हरला. मग कोच बदलला, कप्तान दुखऱ्या पायाने खेळत राहिला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना संघ रडतखडत उपांत्य फेरीत पोचला. तिथे शेवटच्या क्षणी मिळालेल्या दोन फ्री थ्रोंवर तरला. पलीकडचे मात्र पहिल्या दिवसापासून अव्वल. त्यांचा नवा उंच नेमबाज कुठूनही बास्केट करायचा. उपांत्य फेरीत त्यांनी एकही सामना गमावला नाही. आणि पेपरात फोटो कुणाचा? धाकट्याच्या हातांचा! वर्षभरात त्यांच्या एकाचाही घोटा मुरगळला नाही म्हणे.

"छान आलाय हो भाऊजींचा फोटो," बायको कौतुकाने म्हणाली होती.

"हातच आलेत. तोंड कुठंय?"

चौथ्या सामन्यात मास्तरांनी बांधलेला एक घोटा पट्टीसकट मुरगळला. तेव्हापासून तो फोटो त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

खोलीचं दार वाजलं. धाकटा उभा होता. उजव्या अंगठ्याला जाडजूड बँडेज.

"दादा, कात्री लागली. चार टाके पडलेत. आमच्या नेमबाजाचा घोटा सकाळपासून सुजलाय, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं त्याला चालत नाही. तू येतोस?"

मास्तरांना आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

"जाऊ नका, मास्तर," कप्तान म्हणाला. "बसू दे त्याला बाकावर."

मास्तर उठले. धाकट्याने उभं राहून आपले हात बघावेत, एवढंच खरं तर त्यांच्या मनात होतं. पण पलीकडच्या खोलीत पोचताच धाकटा म्हणाला, "मी बाहेर थांबतो, दादा. तुझं तू कर." त्या विश्वासाने मास्तर आणखीच चिडले.

नेमबाजाने पाय पुढे केला आणि नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक पातळ तुकडा त्यांच्या हातात दिला.

"हे काय?"

"धाकटे मास्तर टाचेमागे ठेवतात. पट्टी रुतत नाही, अन् घट्टही बसते."

सव्वीस वर्षांत हे आपल्याला सुचलं नव्हतं. मास्तर त्या तुकड्याकडे बघत राहिले. एक वेढा बोटभर सैल सोडला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी तुकडा टाचेमागे ठेवला आणि प्रत्येक वेढा दातओठ खाऊन ओढला.

शेवटच्या सेकंदाला नेमबाज उंच उडाला. चेंडू जाळीतून गेला आणि तो त्याच पायावर नीट उतरला. मास्तरांचा संघ एका गुणाने हरला.

सामना संपल्यावर सगळे खोलीत परतले. मास्तर खाली बसून कप्तानाच्या पायावरची पट्टी कापत होते.

"तुम्ही बांधलं नसतं तर..." कप्तान म्हणाला.

"तर तू जिंकला असतास. माहीत आहे मला."

कप्तानाने डोळे पुसले, पण पाय मागे घेतला नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, भाऊजी टीव्हीवर सांगतायत, आजची पट्टी माझ्या दादाची, म्हणून! रडतायत हो. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग बोला की काहीतरी."

"तेवढं श्रेय तरी त्याने स्वतःकडे ठेवायचं," मास्तर म्हणाले. "मला त्याच्यावर रागवायला काहीतरी उरलं असतं."

फोन ठेवून ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि बाकावरच्या पुढच्या खेळाडूपाशी जाऊन पुन्हा खाली बसले.

"पाय दे," ते म्हणाले.