मुंग्या न लागलेला डाग

गाडी गरम व्हायच्या आधी मी गरम होते, असं आमचे यजमान हितेंद्र चारचौघांत सांगतात. सांगू देत. भोईवाड्यात मी बायकांना गाडी शिकवते. जिला नवऱ्याने, दिराने, भावाने 'तुला नाही जमायचं' म्हणून घरी बसवलं, ती माझ्याकडे येते आणि महिन्याभरात शिवडीच्या ट्रकांमधून गाडी काढते. हे काम काय थंड डोक्याने होतं?

गाडी एकच, जुनी पांढरी. काट्यावर पावणेतीन लाख किलोमीटर, आणि त्यातले निम्मे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये काढलेले. मी बसते डावीकडे, माझ्या पायाशी जादाचा ब्रेक आणि क्लच. दुसरा गियर लाडीगोडी केल्याशिवाय पडत नाही, मागचं एक दार फक्त बाहेरूनच उघडतं. पण किल्ली फिरवली आणि ती चालू झाली नाही, असं कधी घडलं नव्हतं. रोज सकाळी तिला आतून-बाहेरून अगरबत्ती ओवाळते आणि गाडीत चप्पल कुणालाच घालू देत नाही. शिकणारीलाही नाही आणि स्वतःही घालत नाही. गाडी म्हणजे लक्ष्मी. ज्याला हसायचंय त्याने हसावं.

दिवाळी झाली आणि ही बया तापायला लागली. परळच्या सिग्नलला जरा उभी राहिली की काटा वर. कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बघावं तर कमी झालेलं. भरावं, तर दोन दिवसांनी परत कमी. आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही! मग जातंय कुठे?

रामदासला बोलावलं. त्याचं शिवडीला गोदामांच्या गल्लीत गॅरेज आहे, आमच्याच गावाकडचा, आणि गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातची. त्याने रेडिएटर बघितला, झाकण बदललं, पाइप दाबून दाबून पाहिले, पंखा फिरतो का ते तपासलं. सगळं ठीक. मग हात पुसत तो माझ्याकडे बघेचना, तेव्हाच मी ओळखलं.

"ताई, बाहेर गळत नाही म्हणजे इंजिनच पाणी पितंय. हेड गॅस्केट, म्हणजे आतलं सील, गेलं असणार. इंजिन खोलावं लागेल. आणि या वयाच्या गाडीचं इंजिन खोललं की एकावर एक निघत जातं बघा. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

हितेंद्रना तेवढंच हवं होतं. "वय झालं तिचं. आता पुरे. भंगारवाल्याशी बोलतो मी," ते म्हणाले, आणि खरंच बोलले. रविवारी संध्याकाळी माणूस येऊन गाडी घेऊन जाणार, असं ठरूनही गेलं.

मी भांडले नाही. माझ्यासारखी बाई भांडली नाही, म्हणजे विचार करा. भीती वाटली मला. नवी गाडी घेऊन तिला जोडब्रेक बसवणं काही आमच्या आवाक्यातलं नाही. ही गेली की क्लास गेला, आणि क्लास गेला की मी घरात. बावन्नाव्या वर्षी खिडकीत बसून कुणाच्या घरी कोण आलं-गेलं ते मोजायचं?

आणि भीती वाटली की मी काय करते? दुसऱ्या कुणावर तरी ओरडते. त्या आठवड्यात सापडल्या जाईबाई.

जाईबाई आमच्या मागच्या चाळीतल्या, मालवणकडच्या, साठीला आलेल्या. कोकम सरबत करून बाटल्या दादरच्या दुकानांत पोचवतात. टॅक्सीवाले बाटल्यांच्या पिशव्या बघून नाकं मुरडतात, म्हणून बाईंनी ठरवलं, आपणच गाडी शिकायची. मुलाचा छोटा टेम्पो घरी पडूनच असतो. क्लास झाला की मी त्यांना दादरला सोडत असे, म्हणून पिशवी असायची माझ्या पायाशी.

त्या शुक्रवारी ब्रेकवर पाय ठेवायला गेले तर तळवा चिकटला. खाली वाकून बघते तर कार्पेटवर हा एवढा लालसर ओला डाग, आणि वास गोडूस.

"जाईबाई! शंभरदा सांगितलं, बुचं घट्ट लावा म्हणून! माझ्या लक्ष्मीची नुसती रसवंती करून टाकलीत!"

"मी नाय सांडलंय," त्या म्हणाल्या.

"मग काय मी सांडलं? आधीच ही मरायला टेकलीय, त्यात तुमचं हे!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. चांगली घेतली, इंडिकेटर देऊन घेतली. उतरल्या, पायात चपला सरकवल्या, पिशवी खांद्याला मारली आणि चालायला लागल्या. मला वाटलं, जाऊ दे, गाडीच राहणार नाही तर विद्यार्थिनी राहून काय करायचंय?

रविवारी सकाळी रामदास आला. भंगारवाला येण्याआधी बॅटरी आणि माझे जादाचे ब्रेक काढून ठेवू, असं हितेंद्रनी त्याला सांगितलं होतं. चाळीच्या पटांगणात गाडी उभी, दारं सताड उघडी, आणि मी पायरीवर बसलेली, कुणी मेल्यासारखी. तेवढ्यात कडाडला आवाज.

"मास्तरीनबाय! हय ये!"

जाईबाई. एका हातात सरबताची बाटली, दुसऱ्या हातात जुनं फडकं. आल्या त्या गाडीकडे बघितलंही नाही, फडकं चाकाशी अंथरलं आणि त्याच्यावर सरबत ओतलं चांगलं घळाघळा.

"आता ऱ्हव थोडा वेळ."

"जाईबाई, हे काय चाललंय?"

"चूप. बस थय."

मला असं चूप म्हणणारं माणूस अख्ख्या भोईवाड्यात नाही. मी बसले. चहा आला, तो पिऊन झाला. गॅलरीत बायका जमल्या. आणि बघता बघता फडक्याला मुंग्या लागल्या. आधी एक, मग चार, मग ही मोठी रांग.

"बघ! माज्या सरबतात साखर आसा. साखर सांडली की मुंगयो येतत. तुज्या गाडीत तीन दिस डाग आसा. हय एक तरी मुंगी दाखव माका!"

मी उठले आणि कार्पेट बघितलं. डाग तसाच, उलट वाढलेला. मुंगी औषधालासुद्धा नाही. मी बोट लावलं आणि जिभेकडे न्यायला गेले, तोच रामदास ओरडला, "ताई, विष असेल ते!"

तो धावत आला, वाकला, कार्पेटचा वास घेतला. बोटांवर घेऊन चोळलं, उजेडात धरलं. मग डॅशबोर्डखाली मान घालून हात आत सारला, आणि बाहेर काढला तो लाल, ओला.

"ही इथे गळतेय! अहो, हे कुलंट आहे, तेही असंच लाल आणि गोडूस वासाचं असतं! हीटर फुटलाय!"

"कसला हीटर?"

"गाडीचा हीटर, ताई. डॅशबोर्डच्या आत छोटा रेडिएटर असतो, इंजिनाचं गरम पाणी त्याच्यातून फिरतं. तो गळतो तेव्हा पाणी बाहेर पडत नाही, गाडीतच पडतं." त्याने कपाळावर हात मारला. "मुंबईत हीटर लावतो कोण? इतकी वर्षं ही गाडी माझ्या हातात, पण हिला हीटर आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही! काच आतून तेलकट व्हायची का हो?"

व्हायची. रोज पुसत होते. मी म्हणायचे अगरबत्तीचा धूर.

"आणि गॅस्केट?" मी विचारलं.

"आता मला तसं वाटत नाही. पण चालवून बघितल्याशिवाय बोलणार नाही. एकदा बोललो ते पुरे झालं."

मी जाईबाईंकडे वळले. त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "चुकले मी. उगाच तोंड टाकलं तुमच्यावर."

"टाकलंस ता टाकलंस," त्या म्हणाल्या. "माज्या सरबताचा नाव मात्र खराब करू नको. चार दुकानां चलतत त्याच्यार."

पुढचं काम काही मोठं नव्हतं. हीटरला जाणारे दोन रबरी पाइप रामदासने बॉनेटमधून काढले आणि मधे तुकडा टाकून एकमेकांना जोडून टाकले. पाणी आता हीटरकडे जाणारच नाही. हीटर बंद पडला तर पडो, आम्हाला काय हिमालयात क्लास घ्यायचाय? नवं कुलंट ओतलं, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले, येत राहिले आणि मग थांबले. मी आणि गॅलरीतल्या बायकांनी कार्पेट काढून घासलं.

एवढ्यात हितेंद्र खाली आले. "हे काय? संध्याकाळी तो माणूस येणार आहे."

"अहो, मागे बसा," मी म्हटलं.

"कशाला?"

"बसा म्हणते ना!"

ते बसले. त्यांच्या शेजारी रामदास. स्टिअरिंगवर जाईबाई, अनवाणी. मी माझ्या जागेवर. एसी लावला, म्हणजे इंजिनावर भार पडेल. निघालो शिवडीकडे. रविवार असूनही ट्रक होतेच, गोदामापाशी एक आडवा लागला आणि आम्ही अडकलो. एरवी अशा जागी काटा लगेच चढायचा. मी काट्यावरून नजर काढली नाही. मागून हितेंद्रही पुढे वाकून बघत होते, त्यांचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. इंजिनाचा पंखा सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला. काटा निम्म्यावर. जागचा हलला नाही.

"गॅस्केट ठणठणीत आहे," रामदास हळूच म्हणाला. "माझंच निदान चुकलं, ताई."

ट्रक हलला. जाईबाईंनी दुसरा गियर लाडीगोडीने टाकला, पडला. तेवढ्यात हितेंद्रंचा फोन वाजला. भंगारवाला.

इतकी वर्षं मी गाडी शिकवतेय, पण कुणी विचारलं की हे सांगायचे, 'मिसेस घरीच असते.' ऑफिसातल्या लोकांना, लग्नात भेटलेल्यांना, स्वतःच्या बहिणीलासुद्धा. मला त्याचा राग यायचा, आणि तो एकच राग मी कधी बोलून दाखवला नव्हता.

"हां, बोला," ते फोनवर म्हणाले. "नाही, येऊ नका... नाही हो, भाव वाढवून नको आहे. गाडी विकायचीच नाही." पलीकडचा काहीतरी बोलला असावा, जुनी झाली, काय करणार ठेवून, असलं काही. हितेंद्र चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो, माझी बायको गाडी शिकवते या गाडीवर. तिचा क्लास आहे."

माझे डोळे भरून आले. समोरचा रस्ता दिसेना, काटा दिसेना, काहीच दिसेना. शिकवणाऱ्या बाईने असं करून चालतं का?

"मास्तरीनबाय," जाईबाई म्हणाल्या, "रस्तो मोकळो झालो. आता काय करू?"

"काय करू म्हणून विचारताय?" मी ओरडले, नाक ओढत. "तिसरा टाका, तिसरा!"