विहीणबाईंचा कोल्हा

झूराकानच्या तोंडी लागू नये असं अक-जार गावात सगळेच म्हणत, आणि तरी रोज कोणी ना कोणी लागतच असे. बाईचं वय साठीला टेकलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शाळेतली नोकरी संपलेली. या वयात गावातल्या इतर बाया नातवंडं सांभाळतात आणि सुनांच्या चुका काढतात. ही उन्हाळाभर गुडघाभर गार पाण्यात उभी राहून मासे धरायची, आणि थंडी पडली की घोड्यावर खोगीर टाकून कोल्ह्यांच्या मागे डोंगरात जायची. "मला गुडघेदुखी नाही ती यामुळेच," असं ती कोणी विचारलं नसतानाही सांगायची.

बरोबर कुत्री असायची, अक्तोश. जातिवंत तायगान, उंच, सडपातळ, कानांवर लांब केस, छातीवर पांढरा ठिपका. पिलू असताना घोड्याची लाथ बसून तिचा मागचा पाय मोडला होता. झूराकानने तो स्वतः काटक्या लावून बांधला आणि थंडी सरेपर्यंत तिला चुलीशेजारी निजवलं. पाय सांधला, पण चालताना कुत्री जराशी लचकायची. गाव तिला लंगडी म्हणायचं. झूराकान गावाला आंधळं म्हणायची.

सगळं सुरू झालं ते बुरुलचाच्या साखरपुड्यात. बुरुलचा ही झूराकानची एकुलती एक मुलगी. होणाऱ्या सासूने तिच्या कानात चांदीचे डूल घातले, सगळ्यांनी दुवा मागितली, आणि मग मटणाची परात मध्ये आल्यावर पुरुषांच्या जिभा सैल झाल्या. मुलाचा बाप कादिरकुल हा मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा गडी. त्याच्या दारात तीन शिकारी कुत्रे बांधलेले असायचे, आणि शिकारीच्या गोष्टी सांगायला लागला की समोरच्याचा चहा गार झाल्याशिवाय थांबायचा नाही.

"विहीणबाई," तो हाड चोखत म्हणाला, "तुमची लंगडीसुद्धा मुलीबरोबर पाठवून द्या. चुलीपाशी बसायला बरी आहे ती. आमच्याकडे चूल मोठी आहे."

"आमची कुत्री शिकार करून दमली की चुलीपाशी बसते, व्याहीबुवा. तुमचे तिघे न जाताच दमलेले असतात."

बायकांमध्ये खसखस पिकली. कादिरकुलने हाड परातीत टाकलं.

"असं? मग लग्नाच्या आधी त्या लंगडीनं धरलेला कोल्हा माझ्या दारात आणून टाका. चार माणसांदेखत! टाकलात तर तुमच्या कुत्रीच्या नावानं मेंढा कापीन."

"आणि नाही टाकला तर?"

"तर कुत्री आहेरात माझ्या घरी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झूराकानचं नेहमीच होतं. "मंजूर," ती म्हणाली. गावात सगळ्यांत वडील असलेले ओरमोन आबा कोपऱ्यात उशीला टेकून बसले होते. ते झोपलेत असंच सगळ्यांना वाटत होतं. "मी ऐकलं हं," ते डोळे न उघडता म्हणाले. झालं! आबांनी ऐकलेली गोष्ट म्हणजे दगडावरची रेघ.

घरी परतताना बुरुलचा आईवर खूप चिडली. "कुत्री पणाला लावलीस? तुला काय झालंय आई? तो माणूस मुद्दाम डिवचत होता! त्याला कुत्री हवीच आहे. तो तिच्याकडे कसा बघतो ते मी पाहिलंय."

झूराकाननेही पाहिलं होतं. जाणकाराची नजर लपत नाही. कादिरकुल तोंडाने लंगडी म्हणायचा, पण त्याचे डोळे अक्तोशच्या रुंद छातीवरून आणि लांब पाठीवरून हटायचे नाहीत. त्याचा तिला रागही येई आणि मनातून बरंही वाटे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला खरी गोष्ट कळत होती. मुलगी गेली की या घरात श्वास घेणारं दुसरं कोणी उरणार होतं ते फक्त ही कुत्री. ती गेली तर सकाळी दार उघडायचं तरी कोणासाठी? भीती वाटली. मग तिने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि कूस बदलली.

त्या वर्षी बर्फ उशिरा पडला आणि पडला तो कडक. कोल्हे दिसायचे आणि दगडांच्या राशींत गडप व्हायचे. एकदा अक्तोशच्या तोंडात नुसते शेपटीचे केस आले. एकदा कोल्हा तिच्या नाकासमोर बिळात शिरला, आणि ती बिळापाशी बसून इतकी अपमानित दिसत होती की झूराकानने तिला खिशातला बोरसोक, तळलेल्या कणकेचा गोळा, काढून दिला. कादिरकुल दुकानापाशी भेटला की विचारायचा, "विहीणबाई, चूल सारवून ठेवू का?" ती म्हणायची, "आधी मेंढा धुऊन ठेवा."

असं करता करता शिकारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस आला. लग्न परवावर आलं होतं. घरात कापडं, भांडी, पाहुणे यांचा गोंधळ. आणि नवरीची आई भल्या सकाळी घोड्यावर बसून निघालेली. बुरुलचा दारात आली, पण या वेळी चिडली नाही. "आई, घेऊनच ये," एवढंच म्हणाली.

रात्री हलका ताजा बर्फ पडला होता. उतारावर पावलांची रांग सुईने शिवल्यासारखी सरळ होती. झूराकानने घोडा थांबवला, हातमोजे काढले, आणि पावलांच्या खुणेवर बोट ठेवून पाहिलं. कडा अजून मऊ होत्या. "बिस्मिल्ला," ती म्हणाली आणि अक्तोशचा पट्टा सोडला.

कोल्हा झुडपातून उठला तो लालभडक, भरल्या अंगाचा. अक्तोश निघाली. चालताना लचकणारी ही कुत्री धावताना लचकत नसे; जमीन पायाखाली असते की नसते, असाच संशय यावा. कोल्ह्याने डावीकडे हूल दिली आणि एकदम उजवीकडे वळला. कुत्री त्याच्याआधी वळली. "हां गं माझी वाघीण!" झूराकान ओरडली, आणि तेवढ्यात दोघंही कड्यामागे दिसेनाशी झाली.

घोडा बर्फात पोटापर्यंत रुतत होता. कड्याला वळसा घालून जाईपर्यंत तिचा जीव वर-खाली झाला. पलीकडे पोचली तर अक्तोश जीभ बाहेर काढून धापा टाकत उभी होती आणि पायाशी कोल्हा निपचित पडला होता. बर्फावर खुणांचा असा काही गुंता होता की काय घडलं ते खुद्द झूराकानलाही वाचता येईना. ती घोड्यावरून उतरली, कुत्रीच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या थंड कानात तोंड खुपसून रडली. बाई उगाच रडणाऱ्यांतली नव्हती. पण इथे बघायला कोणी नाही, असं तिला वाटलं.

कोल्हा खोगिराच्या चामडी बंदाला बांधून ती खाली उतरली. ओढ्यावरच्या पुलाशी येते तो समोर कादिरकुल, घोड्यावर. मिशांवर बर्फाचे कण, घोड्याच्या मानेवर घाम, आणि कोटाच्या उघड्या राहिलेल्या गुंडीतून दुर्बिणीचा पट्टा बाहेर आलेला.

त्याने कोल्ह्याकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते अगदी लहान पोराचं अप्रूप होतं. मग त्याने मिशी पुसली, चेहरा सरळ केला आणि गोड आवाजात म्हणाला, "शिरालगा, विहीणबाई!"

झूराकानचा लगामावरचा हात थिजला. शिकार करून परतणाऱ्याला वाटेत पहिला भेटणारा माणूस हा शब्द बोलला, की शिकाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. बांधलेलं सोडायचं आणि त्याच्या खोगिराला बांधायचं. आणि दिल्यावर दिलं म्हणून कुठे बोलायचंही नसतं. बोललं की नशीब पाठ फिरवतं. तिचा बाप हे पाळत आला, त्याचा बाप पाळत आला. कोल्हा आता व्याह्याच्या दारात पडणार होता खरा, पण तिच्या हातून नाही आणि चार माणसांदेखत तर नाहीच. मोसम आज संपत होता. अक्तोशच्या पंजातून रक्त येत होतं. तिला पुन्हा पळवली असती तर पाय कायमचा गेला असता. ते तर झूराकान मरून गेली तरी करणार नव्हती.

"काय हो व्याहीबुवा," ती हळू म्हणाली, "दुसरं कोणी भेटलं नाही तुम्हाला?"

"रीत आहे, विहीणबाई. मी थोडीच केली?" पण त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना. तो खाली कुत्रीकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याची नजर मऊ झाली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याने ते मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

झूराकानने ते बरोबर पाहिलं. घामेजलेला घोडा पाहिला, दुर्बिणीचा पट्टा पाहिला. हा समोरच्या डोंगराच्या धारेवर होता तर! याने सगळं बघितलंय, कड्यामागचंसुद्धा. आणि बघितलेलं याच्या पोटात राहणं म्हणजे उकळतं दूध झाकणाखाली राहणं. नदीवर इतके उन्हाळे काढल्यावर तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मासा गळाशी खेळत असताना हिसका द्यायचा नसतो, दोर सैल सोडायचा असतो.

ती उतरली. स्वतःच्या हाताने कोल्हा सोडला आणि त्याच्या खोगिराला बांधला, शेपूट चांगली बाहेर लोंबेल असा.

"घ्या. लखलाभ असो. आता सरळ गावातून जा, मागच्या वाटेवर बर्फ फार आहे."

अक्तोशला तिने आपल्या पुढ्यात खोगिरावर आडवी घेतली, कोटाने झाकली, आणि व्याह्याच्या मागून घोडा सावकाश चालवत राहिली. कुत्रीच्या छातीतले ठोके तिच्या मांडीला लागत होते. धीर सुटू दिला नाही, पण हात कुत्रीच्या मानेवरून काढलाही नाही.

दुकानाच्या भिंतीपाशी उन्हात म्हातारी मंडळी बसली होती. मधोमध ओरमोन आबा, काठीवर हनुवटी टेकून.

"अरे! कादिर!" आबांनी काठी उचलली. "शिरालगा म्हणू का रे तुला?"

"नको आबा," कादिरकुल घाईने म्हणाला, "हा... हा मागून घेतलेला आहे, पुन्हा मागता येत नाही."

"बरं, राहिलं. पण आहे मात्र जबरदस्त." आबांनी मागच्या घोड्याकडे तिरकं पाहिलं आणि चेहरा भोळा केला. "धरला कोणी? तुझ्या त्या म्हाताऱ्या पिवळ्या कुत्र्यानंच असणार. शेवटी धरला म्हणायचा पिवळ्यानं!"

कादिरकुल मिशी चावू लागला. मागे झूराकान गप्प. जन्मात इतकी गप्प राहिली नसेल.

"पिवळाच तो," दुसरा एक म्हातारा म्हणाला. "आता या वयात त्याला साधं वळण घेता येत नाही. कोल्हा आजारी असेल."

"आजारी?" कादिरकुलचा आवाज चढला. "हा कोल्हा आजारी? असा कोल्हा उभ्या जन्मात पाहिला नाही मी!"

"मग झोपला असेल. आपल्या गावातल्या कुत्र्यांत जागा कोल्हा धरायची धमक कुणात आहे?"

बस. एवढं पुरलं. कादिरकुल रिकिबीत उभा राहिला.

"धमक? आबा, तुम्ही नुसतं बघायला हवं होतं! मी समोरच्या धारेवर होतो. कोल्ह्यानं डावी हूल दिली, ही फसली नाही. उजवी दिली, ही त्याच्या आधी तिथं! पिवळ्याचं काय नाव घेता, पिवळ्याच्या बापाला जमलं नसतं! मग कड्यामागे कोल्हा उलटा फिरला, सरळ हिच्या पायांखालून. दुसरा कुत्रा असता तर पुढं वाहवत गेला असता. आणि ही? ही..."

"ही कोण?" आबांनी विचारलं.

कादिरकुलचा हात हवेतच राहिला. भिंतीपाशी सगळे त्याच्या मागे बघत होते. झूराकानच्या कोटातून एक लांब तोंड बाहेर आलं होतं.

"विहीणबाईंची अक्तोश," तो म्हणाला. लंगडी म्हणाला नाही. कोल्हा त्याने मागून घेतला होता, पण कुत्रीचं नाव त्याला गिळता आलं नाही.

आबा बराच वेळ हसले, खोकले, पुन्हा हसले. "कादिर, चार माणसं इथं आहेत, मी मोजली. दार तुझं नसेल, पण तोंड तुझंच आहे. कुत्री आहे तिथंच राहील. मेंढा कधी कापतोस?"

"कापतो हो, उद्या कापतो!" कादिरकुल लाल झाला होता. "पण माझं संपलेलं नाही अजून. ऐका तरी!"

झूराकान घोड्यावरून उतरली. अक्तोशला उचलून तिने उन्हात ठेवलं, स्वतः तिच्याजवळ भिंतीला पाठ लावून बसली आणि दुखरा पंजा हलकेच मांडीवर घेतला. तिचे डोळे चमकत होते.

"सांगा ना व्याहीबुवा," ती म्हणाली. "तो पायांखालून फिरला, मग पुढं काय झालं? कड्यामागचं मला काहीच दिसलं नाही हो."