चार बोटं उंच

बोदिलनं कॉफी सोडली, तेव्हा मला त्या घरात येऊन तीनच आठवडे झाले होते. सकाळची कामं आटोपून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, ओले हात पुसले आणि हळूच म्हणाली, "देवा, सासूबाई या खोलीत बसून कॉफी घेईपर्यंत मी कॉफीचा थेंब तोंडात घालणार नाही." बस्स, एवढंच. जवळ कुणी नव्हतं. नवसाला साक्षीदार म्हणाल तर मी एकटी, आणि तेव्हापासून माझ्याच जिवाला घोर.

मी एक खुर्ची बोलतेय. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, विगो सुताराच्या हातून घडलेली. माझं लाकूड मात्र तिथलं नाही. सयामच्या रानातला साग जहाजातून आला आणि त्या गारठ्यात माझे हातपाय झाला. विगोनं माझे हात इतके घासले की त्यावर तळवा ठेवला तर उचलावासा वाटू नये. लाकडाला तेल पाजलं, वरून चकाकी दिली नाही. बैठक विणली ती कागदाच्या पिळलेल्या दोरीनं. महायुद्धात दोरीचं गवत मिळेना म्हणून तिकडच्या सुतारांनी कागद वळायला घेतला, आणि तीच रीत पुढं राहिली. दोरी भक्कम असते, सगळे सांगतात. पण कागद तो कागदच, नाही का? दारात एखादा धिप्पाड शेतकरी दिसला की मी माझ्या दोऱ्या मोजायला लागायचे.

बोदिलनं मला आणलं ते चांगल्या खोलीसाठी. प्रत्येक घरात अशी एक खोली असायची. नाताळाला उघडायची आणि मयताला, एरवी कुलूप. बोदिलचे सासरे वारले तेव्हा त्यांची शवपेटी तीन दिवस तिथंच होती. त्यानंतर चार वर्षं त्या खोलीत कुणी शेगडीसुद्धा पेटवली नव्हती. आणि तिची पाच वर्षांची मुलगी लोने स्वयंपाकघरातल्या एका कोपऱ्यात, आईच्या पायात पायात खेळायची.

"बंद ठेवायला का देवानं खोली दिली?" असं म्हणत बोदिलनं एका वसंतात सगळं बदललं. झालरीचा मखमली सोफा, काळं जड टेबल, जाड पडदे गोठ्याच्या माळ्यावर गेले. भिंती पांढऱ्या झाल्या. बारीक पायांचा राखाडी लोकरी सोफा आला, भिंतीलगत लांब बुटकं कपाट आलं, टेबलावर अगदी खाली लोंबणारा दिवा आला. चार वस्तू आणि बाकी सगळा उजेड. खिडकीजवळची सगळ्यात चांगली जागा माझी.

हे करण्याआधी तिनं सासूबाईंना विचारलं होतं. मारनबाई अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "तुझं घर, तुझी मर्जी." तिकडची माणसं असं म्हणतात तेव्हा नाही म्हणत असतात, हे बोदिलला माहीत असायला हवं होतं. पण ती पलीकडच्या बेटावरची. तिला वाटलं, होकार मिळाला.

मारनबाई पहिल्यांदा आल्या त्या उंबऱ्यापर्यंत. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"हे पाय आहेत की काड्या?"

"सागाचे आहेत, सासूबाई. मजबूत असतात. बसून तर बघा."

"आणि दिवा इतका खाली? कॉफीत उवा शोधायच्यात?"

"आई!" त्यांचा मुलगा आक्सेल म्हणाला.

"मी कुठं काय म्हटलं? छान आहे. दवाखान्यासारखं स्वच्छ आहे." आणि त्या वळून निघून गेल्या.

रविवारी चर्चहून परतताना त्या पूर्वी मुलाकडे कॉफीला थांबायच्या. ते बंद झालं. गुडघ्याचं निमित्त, कोंबड्यांचं निमित्त. तिसऱ्या रविवारी आक्सेल म्हणाला, "बोदिल, चार जून आईचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी गाव येईल. ती या खोलीत आली नाही तर मी काय तोंड दाखवू? तोवर बघू. नाहीतर सोफा माळ्यावरून खाली येईल, आणि हे सगळं परत."

हे सगळं म्हणजे मी. विगोच्या दुकानात परत गेलेल्या खुर्चीकडे लोक कसे बघतात, ते मी पाहिलं होतं. हिच्यात काहीतरी खोट असणार, असं.

दुसऱ्याच दिवशी बोदिलनं कॉफी सोडली.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं! पण त्या गावात सकाळी कॉफी, दहाला कॉफी, तीनला कॉफी, पाहुणा आला की कॉफी. बोदिलचं डोकं ठणकायचं. नवऱ्यासाठी पूड दळताना ती तोंड दुसरीकडे फिरवायची. आणि कारण सांगायचं नाही, कारण सांगितलेला नेम कसला नेम! चर्चच्या शिवणमंडळात ती गरम दूध पिऊ लागली, तेव्हा शेजारच्या सिग्नेनं टाका घालता घालता विचारलं, "काय गं, दिवस गेलेत वाटतं?"

"नाही गं."

"नाही कसं? कॉफीचा वास नको झाला म्हणजे तेच. मला तिन्ही वेळा असंच."

आठवड्यात गावभर झालं. आक्सेल लाजत लाजत पाळणा उतरवायला माळ्यावर चढला, तेव्हा बोदिल हसली आणि मग रडली. मी नुसती बघत होते. आणखी काय करणार?

मे महिना सरत आला. एका दुपारी आक्सेल शेतात, बोदिल लोनेला घेऊन दुकानात. घर रिकामं. आणि दार उघडून मारनबाई आत आल्या. उंबरा ओलांडून, थेट माझ्यापाशी. एका हातात काठी, दुसऱ्यात बादली.

बादलीत साबणाचं पाणी होतं. साबणाचा पांढरा कीस गरम पाण्यात विरघळवून तिकडे बायका जमिनी घासतात, बीच नावाच्या झाडाच्या फिकट लाकडाची टेबलं घासतात. लाकूड कसं दुधासारखं होतं. मारनबाईंनी जन्मभर तेच केलेलं. माझा तपकिरी रंग त्यांना मळ वाटला असावा. पुटपुटत होत्या, "पोर चांगली आहे. पण वस्तू निगुतीनं ठेवायची अक्कल नाही. वाढदिवसाला लोक येतील आणि हिला नावं ठेवतील."

तेव्हा मला कळलं की या बाईला आमचा राग नाही. पण कळून उपयोग काय? त्यांनी माझे हात खसाखसा घासले. सागाला साबण सोसत नाही हो. त्याचं तेल निघून जातं. माझे दोन्ही हात राखेसारखे पांढरे पडले. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते.

घासून त्या दमल्या. आजूबाजूला बघितलं आणि हळूच माझ्यावर टेकल्या. खाली, आणखी खाली, त्यांच्या अपेक्षेपेक्षा चांगली चार बोटं खाली. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. काठी घरंगळून दूर गेली होती. माझ्या ओल्या हातांवर जोर द्यावा तर तळवे सटकत होते. तीनदा उठायला गेल्या, तीनदा परत बसल्या. मग त्या स्वस्थ झाल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. मी माझी कागदी बैठक ताणून धरली होती. देवा, आता फाटू देऊ नकोस, एवढं एकच.

बोदिल आली ती अर्ध्या तासानं. दारातच थबकली. बादली, माझे पांढरे पडलेले हात, आणि खुर्चीत सासूबाई.

"बघतेस काय?" मारनबाई म्हणाल्या. "खुर्ची आहे की विहीर ही? माणूस आत जातं, बाहेर यायची सोय नाही."

बोदिल हसली नाही. ती माझ्याजवळ जमिनीवरच बसली.

"म्हणून येत नव्हता होय तुम्ही?"

मारनबाईंनी तळवे झग्याला पुसले. मग म्हणाल्या, "कंबर गेलीय माझी. दोन वर्षं झाली. गावासमोर बसायचं आणि सुनेनं हाताला धरून उठवायचं? त्यापेक्षा मी रागावलेय असं वाटलेलं बरं."

"मला तरी सांगायचं."

"तू तरी कुठं सांगतेस? कॉफी का सोडलीस ते? पोट तर काही दिसत नाही."

बोदिलनं सांगितलं. मारनबाईंची मुद्रा कडक झाली. "आपल्यात नवस करत नाहीत, बोदिल."

"नवस नाही केला. देवाशी नुसतं बोलले."

"हं. मग आता बसलेय ना मी? जा, कॉफी टाक. सुटलीस."

"बसलात, पण तुमच्या मनानं नाही. अडकलात. देवाला फसवू का?"

त्यावर मारनबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की माझी एकेक दोरी हलली. मग बोदिलनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.

दुसऱ्या दिवशी विगो आला. आधी माझे हात बघून त्यानं कपाळाला हात लावला. बारीक काचकागदानं घासून पुन्हा तेल दिलं, रंग परत आला. पण बोदिलचं दुसरं म्हणणं ऐकून तो तांबडालाल झाला.

"चार बोटं वाढवू? बाई, ही उंची मी झोपेत नाही ठरवली! अख्खी खोली बुटकी, दिवा बुटका, कपाट बुटकं, आणि मधे ही बगळ्यासारखी उभी राहणार?"

"राहू दे."

"सांधे दिसतील."

"दिसू दे. दादा, तुझी आई कशावर बसते?"

विगोनं कानामागची पेन्सिल काढली. त्यानं मला उलटं केलं. करवत लागली तेव्हा मी डोळे मिटले, म्हणजे असते तर मिटले असते. पायांची टोकं सपाट कापून त्यांखाली सागाचेच नवे तुकडे जोडले, चारही. त्याच्या हिशेबानं मी त्या दिवशी बिघडले.

चार जूनला अंगणात झेंडा चढला, शेजारी गाणं म्हणत आले. मारनबाई काठी टेकत उंबरा ओलांडून आल्या, माझ्यावर बसल्या, कॉफी घेतली, दोनदा घेतली. मग पाद्रीबाबा आले तेव्हा त्यांनी माझ्या हातांवर तळवे टेकले आणि कुणाचाही हात न धरता उठल्या. माझा एकही सांधा करकरला नाही. आणि कोपऱ्यात बोदिल पहिला घोट घेत होती. डोळे मिटून, प्रार्थनेला मिटतात तसे.

आता त्या दोघीही नाहीत. मी लोनेकडे आहे. ती स्वतःच सत्तरीपार. तिच्या नातीला आजीचं हे घर सजवायचंय, त्या काळच्यासारखं. तशा खोल्यांची पुन्हा हौस आलीय म्हणे. नातीनं जुन्या खुर्च्या-टेबलांच्या एका जाणत्या माणसाला आणलं. त्यानं माझे पाय उलटून पाहिले आणि चुकचुकला. "कुणीतरी वाट लावलीय. हे तुकडे काढू, मूळची उंची देऊ. शनिवारी येतो." लोने नुसतं "बघू" म्हणाली. पण ती रोज माझ्यावरून उठताना हातांवर किती भार टाकते, ते मला ठाऊक आहे. ती बोलत नाही. लाजते. आणि आज गुरुवार.

बाळांनो, माझं ऐकणारं कुणी असेल तर तुम्हीच. तुमच्याही घरी कुणीतरी उंबऱ्यावरून परत जात असेल, आणि तुम्ही त्याला राग समजत असाल. एक नेम धरा. आवडीची एखादी गोष्ट सोडा, कुणाला सांगू नका, आणि ते माणूस आपल्या मनानं आत येऊन टेकेपर्यंत ती तोंडात घालू नका. मात्र नुसतं सोडून बसू नका. जवळ जमिनीवर बसा आणि विचारा, कुठं दुखतंय?