लोड किती घेतं?

बुधवारी सकाळी सव्वानऊला माझा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला, आणि नऊ वाजून सतरा मिनिटांनी नवऱ्याने बुटाची लेस बांधता बांधता सांगितलं, की रिस्टार्ट करून बघ. बारा वर्षांच्या संसारात त्याने मला दिलेला हा एकमेव तांत्रिक सल्ला आहे. मिक्सरपासून माझ्या रागापर्यंत तो सगळ्याला लागू पडतो, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. मी रिस्टार्ट केला. पाच मिनिटं चालला आणि पुन्हा खट्कन बंद. नवरा तोवर जिना उतरून गेलाही होता.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचा वैताग समजेल. अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींच्या मी फिल्म करते. नकाशावरून इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, खिडक्यांतून ऊन आत सोडायचं, खुर्च्या मांडायच्या, आणि मग कॉम्प्युटरने त्यातलं एकेक चित्र रंगवून काढायचं. दोन मिनिटांच्या फिल्मला अशी तीन हजार चित्रं लागतात. हे रंगवायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. माझ्याकडे तशी दोन आहेत, एकाखाली एक बसवलेली. एका कार्डाला एका चित्रासाठी एक मिनिट लागतं, म्हणजे अख्ख्या फिल्मला पन्नास तास. दोन्ही मिळून काढतात तेव्हा पंचवीस.

ही फिल्म एका वाचनालयाच्या नव्या इमारतीची होती. शुक्रवारी दुपारी चारच्या आत ती आर्किटेक्ट बाईंना पाठवायची होती, कारण साडेचारला वाचनालयाच्या समितीची बैठक होती. सात वर्षं ज्या स्टुडिओत नोकरी केली, तो सोडल्यावर स्वतःच्या नावावर मिळालेलं हे माझं पहिलं काम. बाईंनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, की वेळेत झालं नाही तर पुढची कामं त्या माझ्या जुन्या स्टुडिओला देतील, उगाच मनाला लावून घेऊ नका. जुने साहेब मला निरोप देताना म्हणाले होते, महिन्याभरात परत याल. त्या एका वाक्यासाठी मी ही फिल्म डोक्यावर घेऊन चालत पोचवली असती.

तर कॉम्प्युटर. वरचं कार्ड काढून खालचं एकटं चालवलं, उत्तम. खालचं काढून वरचं एकटं चालवलं, उत्तम. दोघांच्या जागा बदलून पुन्हा एकेकटं चालवलं, तेही उत्तम. दोन्ही लावून नुसती ईमेल वाचली तरी तक्रार नाही. दोघांना एकदम कामाला जुंपलं, की चौथ्या-पाचव्या मिनिटाला पडदा काळा, पंखे गप्प. एकेकट्या गुणाच्या आणि एकत्र आल्या की बिनसतं, हे मी जावा-जावांबद्दल ऐकून होते. यंत्रांनी तरी ते शिकायला नको होतं.

खरं तर त्याच क्षणी एका कार्डावर काम सोडून गप्प बसले असते, तर शुक्रवारी सव्वाअकराला फिल्म तयार झाली असती. पण मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. या 'दहा मिनिटां'नी माझ्या आयुष्याची किती वर्षं खाल्ली असतील, देव जाणे.

कार्डाशी बोलायला कॉम्प्युटरच्या आत एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो काढून नवा घातला. नवा काढून जुना घातला. इंटरनेटवर एक जण भेटला, त्याचं दुखणं शब्दाशब्दाने माझंच होतं. मी हरखून खाली वाचत गेले, तर तीन दिवसांनी त्याने स्वतःच लिहिलं होतं, 'सुटला प्रॉब्लेम, धन्यवाद.' कसा सुटला, ते न सांगता हा माणूस निघून गेला. त्याला मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कार्डवाल्यांच्या हेल्पलाइनने चाळीस मिनिटं संगीत ऐकवून विंडोजकडे बोट दाखवलं. ज्या दुकानातून कॉम्प्युटर जोडून घेतला, तो दुकानदार म्हणाला पॉवर सप्लाय गेला असेल, नवा सोमवारी मिळेल. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. माझा डबा चांगला दणकट होता आणि दोन महिने दोन्ही कार्डांना बिनबोभाट पोसत होता, तो एका आठवड्यात असा कसा जाईल. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं सगळं चाललं होतं.

त्यात मला त्या दुकानदाराचाच संशय होता. गेल्या आठवड्यात मी बहिणीकडे आठ दिवस राहून आले. जाताना नवऱ्याला सांगून गेले होते, की कॉम्प्युटरमध्ये धूळ साचली आहे, दुकानातून साफ करून आण. परत येऊन कॅबिनेट उघडलं तर आत बघत राहावं असं झालं होतं. पूर्वी जिथे वायरींचं जंगल होतं, तिथे एकेक वायर सरळ रेषेत, बोटभर अंतरावर टाय मारून बांधलेली, आणि सगळा गठ्ठा मागच्या पत्र्याआड गुडूप. मी दुकानदाराला फोनवर सुनावलं, की तुम्ही साफ करायला घेतलंत तेव्हाच काहीतरी बिघडवलंत. त्याने सरळ कानावर हात ठेवले. म्हणाला, ताई, तुमचा कॉम्प्युटर आमच्याकडे आलाच नाही. मी नवऱ्याला फोन लावून विचारलं, साफ झालं होतं ना. तो म्हणाला, हो, झालं ना साफ. मग मी दुकानदाराला परत फोन करून खोटारडेपणावर त्याची यथास्थित खरडपट्टी काढली.

या सगळ्यात सासरे होते. ते कारखान्यात पॅनेल वायरमन होते, म्हणजे मोठमोठ्या यंत्रांच्या विजेच्या कपाटांतली वायरिंग करायचे. छत्तीस वर्षं केली. वायर इतकी सरळ ओढायचे, की कारखान्यात त्यांना सगळे 'फूटपट्टी' म्हणत, आणि हे नाव ते अजून अभिमानाने सांगतात. निवृत्तीनंतर घरातल्या बिघाडांचं त्यांनी रजिस्टर ठेवलंय. तारीख, दोष, कारण, काय केलं, सही. गीझरची कॉइल, दारावरची बेल, माझ्या इस्त्रीची पिन, सगळं त्यात आहे.

बुधवारी ते चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, लोड किती घेतं हे? मी म्हणाले, बाबा, हे पंप-गीझरसारखं नसतं. ते बरं म्हणून गेले. गुरुवारी दुपारी पुन्हा दारात. लोड किती घेतं? मी तेव्हा टेबलाखाली पालथी पडून चौथ्यांदा ड्रायव्हर बदलल्यावर प्लग तपासत होते. म्हणाले, बाबा, हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. ते म्हणाले, सॉफ्टवेअर पण विजेवरच चालत असेल ना. कुठल्याही दुखण्यावर यांचा आपला एकच प्रश्न, असं म्हणून मी दार लोटून घेतलं. नवऱ्याचं रिस्टार्ट आणि यांचं लोड; बाप तसा बेटा.

प्रयोगांच्या मधल्या वेळात एका कार्डावर काम रेटत होतेच. शुक्रवारी सकाळी सव्वादहाला चोवीसशे चित्रं झाली होती. उरली सहाशे. एका कार्डाला दहा तास, दोन्हींना पाच. म्हणजे पावणेअकराच्या आत दोन्ही सुरू झाली तर पावणेचारला काम आटपतं. नाहीतर बाईंना फोन करून सांगायचं, की जमत नाही. मी फोन हातात घेऊन बसले होते. जुन्या साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

आणि दारात सासरे. "मी काय म्हणतो," ते म्हणाले, "लोड किती घेतं हे?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"सव्वादोनशे वॅट," मी म्हणाले. "एकेक कार्ड सव्वादोनशे वॅट घेतं बाबा. झालं समाधान? आता जा तुम्ही, मला बाईंना नाही म्हणून सांगू द्या."

ते गेले नाहीत. हातातला कप त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "बारा व्होल्टवर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते पुटपुटत हिशोब करत राहिले. "म्हणजे जवळजवळ एकोणीस अँपिअर. दोघांचे अडतीस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं ही नुसता निरोप नेणारी, सिग्नलची वायर आहे. एवढ्याशा कार्डाला कशाला लागतोय लोड." आणि त्यांच्या खोलीत निघून गेले.

परत आले ते हत्यारांची पेटी घेऊन. पेटीतून त्यांनी एक काळी केबल काढली, गोल गुंडाळून टाय मारलेली. तिला कागदाची चिठ्ठी होती आणि त्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात तारीख, आणि खाली: 'जादा. सुनेचा कॉम्प्युटर.'

"ही मी काढली," ते म्हणाले.

दुकानात कॉम्प्युटर कधी गेलाच नव्हता. नवरा विसरला होता, आणि मी यायच्या आदल्या दिवशी बाबांनी ब्लोअर घेऊन स्वतःच धूळ काढली होती. धुळीखाली ते वायरींचं जंगल दिसल्यावर फूटपट्टीला राहवलं नाही. प्रत्येक कार्डाला पॉवर सप्लायकडून स्वतंत्र केबल येत होती. पण त्या प्रत्येक केबलला दोन तोंडं होती आणि एकेक तोंड रिकामं लोंबत होतं. एका केबलची दोन तोंडं दोन कार्डांना बसतात, मग दुसरी केबल कशाला, असा त्यांनी विचार केला. पॅनेलमध्ये वापरात नसलेली वायर ठेवायची नाही, काढून चिठ्ठी लावून जपायची, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नेम. मी रोज कॅबिनेट उघडून बघत होते, तर दोन्ही कार्डांत वायर नीट बसलेली दिसत होती. ती मागे जाऊन एकच होते, हे त्या सुंदर गठ्ठ्यात कोणाला दिसणार. एकटं कार्ड त्या केबलवर मजेत चालत होतं. दोघांनी एकदम ओढलं की बिचारा डबा स्वतःला वाचवायला बंद पडत होता.

मी ओरडले. खोटं कशाला सांगू. म्हणाले की तीन दिवस मी जगाशी भांडतेय, त्या दुकानदाराला नाही नाही ते बोलले, आणि वायर तुमच्या पेटीत. न विचारता हात कशाला घातलात? ते खाली मान घालून उभे होते. मग म्हणाले, "ओरड नंतर. किती वेळ आहे?"

पंचवीस मिनिटं होती. मागचा पत्रा उघडला. त्यांनी स्वतः मारलेले टाय स्वतः कापले, एकोणीस टाय, आणि प्रत्येक कापताना त्यांचा चेहरा दुखल्यासारखा होत होता. केबल डब्यात बसवली, मागून ओढून खालच्या कार्डाला लावली. मी म्हणाले आता बांधत बसू नका. त्यांनी तरी एक टाय मारलाच. दहा त्रेचाळीसला मी दोन्ही कार्डं सुरू केली.

चौथं मिनिट गेलं. पाचवं गेलं. सहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघंही उभे आहोत आणि कोणी बसायला तयार नाही. बाराव्या मिनिटाला बाबांनी त्या डब्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, आता दमत नाहीये. मग ते खुर्ची ओढून दुपारपर्यंत तिथेच बसले. जेवायलाही ताट तिथेच घेतलं.

फिल्म तीन चौपन्नला गेली. चार वाजून दोन मिनिटांनी बाईंचं उत्तर आलं, 'मिळाली.' पाच वाजता दुसरं आलं, की समितीला खिडकीतलं ऊन आवडलं, पुढच्या कामासाठी सोमवारी बोलू. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पहिला फोन दुकानदाराला केला. माफी मागायला तीन मिनिटं लागली, ती स्वीकारायला त्याला वीस.

संध्याकाळी नवरा आला. सगळं ऐकून हसत म्हणाला, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आणि बाबांनी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं. 'झालं ना साफ' हे कोण म्हणालं होतं, ते आठवून तो हात-पाय धुवायला गेला.

बाबांनी रजिस्टर काढलं होतं. लिहून झाल्यावर ते टेबलावर उघडंच ठेवून बाल्कनीत जाऊन बसले. मी वाचलं. दोष: दोन कार्डं एकत्र चालत नाहीत. काय केलं: काढलेली केबल परत जोडली. आणि कारण या रकान्यात, इतर अक्षरांपेक्षा बारीक: 'न विचारता हात घातला.'

बुधवारपासून मी दुकानदाराला विचारलं होतं, हेल्पलाइनला विचारलं होतं, इंटरनेटवरच्या त्या आपमतलबी माणसालाही विचारायला गेले होते. घरात छत्तीस वर्षं वीज हाताळलेला माणूस रोज दारात येऊन एक साधा आकडा मागत होता. बुधवारीच तो सांगितला असता, तर बुधवारीच ती केबल पेटीतून बाहेर आली असती. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी पेन घेतलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं: 'त्यांनी विचारलं, तेव्हा सांगितलं नाही.'

रजिस्टर नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचत होते, एवढी काही मोठी ओळ नव्हती ती. मग पेन माझ्याकडे परत केलं.

"सही कर," ते म्हणाले. "सहीशिवाय नोंद धरत नाहीत."