डाव्या मडगार्डची कड

"अर्व्हिन, पुरे आता! रंग जाईल!"

गॅरेजच्या दारातून मी ओरडले, पण पॉलिशच्या मशीनच्या घरघरीत त्याला काय ऐकू जाणार? शेवटी भिंतीपाशी जाऊन मी प्लगच उपटला. अर्व्हिननं मान वर केली, ती माझ्याकडे नाही, छताच्या दिव्याकडे.

"लाईट गेली का?"

"मी घालवली. उजाडल्यापासून घासतोयस. कॉफी गार झाली, अंडी गार झाली, मी तेवढी तापलेय."

"चमकच येत नाहीये गं, डोरीन. नुसती धुरकट दिसतेय. परवा ती मंडळी येणार आणि ही अशी?"

मी गाडीकडे पाहिलं. एकोणपन्नास सालची ब्यूक रोडमास्टर. गडद हिरवी, मागे उतरत गेलेलं छप्पर, मडगार्डांवर ब्यूकची ओळख असलेली ती चार-चार गोल भोकं, पुढे क्रोमचे दात विचकलेले. बॉनेटमध्ये मला माझं तोंड स्वच्छ दिसत होतं, केसातली वाकडी पिनसुद्धा. गाडीवर धूर नव्हता की धुकं नव्हतं. जे काय होतं ते अर्व्हिनच्या डोळ्यांत होतं.

हा विषय आमच्या घरात काढायचा नाही, असं कधी ठरलं नव्हतं, पण ठरल्यासारखंच होतं. त्यानं गाडी चालवणं सोडलं ते गुडघ्यामुळे. पेपर वाचणं सोडलं ते बातम्या भिकार झाल्यात म्हणून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की समोरची नजर जात जाणार, कडेची थोडी उरेल. बाहेर आल्यावर अर्व्हिन म्हणाला, "कालचं पोर आहे, त्याला काय कळतंय." मी म्हटलं, हो ना. काय करणार? माणसानं एवढा आव आणला की आपल्यालाही त्याची लाज राखावी लागते.

"चल, खाऊन घे आधी," म्हणून त्याला घरात पिटाळला आणि मशीनची वायर गुंडाळायला खाली वाकले. तेव्हा ते दिसलं. डाव्या मडगार्डच्या वरच्या कडेला, बोटभर लांबीचा राखाडी पट्टा. हिरवा रंग तिथं नव्हताच. घासून घासून पार उडाला होता आणि खालचं अस्तर, रंगाआधी मारतात तो हात, उघडं पडलं होतं.

तिथंच एका खोक्यावर बसले मी.

आमच्या गावातल्या संग्रहालयानं यंदा मेन स्ट्रीटवरची फर्निचरच्या दुकानाची जागा घेतली होती. तिला मजल्याइतकी उंच काच आहे. त्या काचेमागे एकच गाडी कायमची ठेवायची, अमेरिकेची सगळ्यात देखणी, असं त्यांनी ठरवलं होतं. शेवटच्या निवडीत दोन गाड्या उरल्या होत्या. एक दाताचे डॉक्टर व्हॅन हाऊटन यांची सदतीस सालची कॉर्ड, आणि दुसरी आमची. कॉर्डला रंगवून नवरीसारखी सजवलेली. आमची ब्यूक यादीत आली ती एकाच कारणानं. तिच्या अंगावर अजून कारखान्यातला रंग होता. त्यावर कधी कुणी ब्रशचं टोकसुद्धा टेकवलं नव्हतं.

आणि आम्ही घर विकलं होतं. उन्हाळा संपला की ॲरिझोनात, पॅटीकडे, आमच्या मुलीकडे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅरेज नाही. संग्रहालयानं ब्यूक घेतली नाही तर ती टेक्सासच्या एका माणसाकडे जाणार होती. तो आठवड्याला फोन करायचा. तिचं छप्पर कापून बुटकं करणार, नवं इंजिन बसवणार आणि नारिंगी रंग देणार, असं अगदी आनंदानं सांगायचा. फोन ठेवला की अर्व्हिन उठून गॅरेजमध्ये जायचा. एकदाच म्हणाला होता, "नारिंगी गं, डोरीन."

कडेला मशीन लावायचं नाही, हा पॉलिशवाल्यांचा पहिला धडा. कडेवर रंग पातळ असतो. तिथं आधी चिकटपट्टी लावायची, आणि मग ती काढून हातानं, हळू. युद्धावरून आल्यापासून निवृत्त होईपर्यंत अर्व्हिन कारखान्यात पॉलिशच्या लायनीवर होता आणि नव्या आलेल्या प्रत्येकाला हे त्यानंच शिकवलं. मलासुद्धा शिकवलं, आमच्या लग्नाच्या जेवणात, बशीच्या कडेवर बोट फिरवून. त्याच माणसानं कडेला मशीन लावलं होतं, आणि त्याला ते दिसलंही नव्हतं.

सांगायचं तरी कसं? सांगितलं तर डोळ्यांचं बोलणं आलं. नाही सांगितलं तर परवा परक्यांसमोर त्याची शोभा होणार.

दुपारी मी औषधांच्या दुकानात गेले आणि गडद हिरवं नेलपॉलिश घेतलं. काउंटरवरची मुलगी माझ्या बोटांकडे बघत म्हणाली, "पार्टी आहे वाटतं, आजी?" म्हटलं, हो, जोरदार. गॅरेजमध्ये येऊन बाटली उघडली, रंग अगदी जवळपास जमत होता. ब्रश मडगार्डच्या वर धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. 'हिच्यावर जे आहे ते तिथलंच आहे,' हे वाक्य अर्व्हिननं आयुष्यभर इतक्यांदा म्हटलं होतं की मला झोपेतही पाठ. बाटली बंद करून ॲप्रनच्या खिशात टाकली. मग सामानाचे खोके एकावर एक रचून डाव्या मडगार्डला टेकवून ठेवले. ख्रिसमसची सजावट, पॅटीची शाळेतली पुस्तकं, जुने पडदे. छातीपर्यंत भिंत उभी केली.

ते दोन दिवस मी नीट जेवले नाही. अर्व्हिन गॅरेजकडे निघाला की मी काहीतरी काम काढायची. डबा उघडून दे, नळ बघ, केर टाकून ये. "तुला झालंय काय?" तो म्हणाला. "एवढी लाडात कधी येत नाहीस."

गाडी बघायला आलेल्या निवड समितीत तिघं होते. संग्रहालयाच्या प्रमुख मर्लिन ओस्टबी, बोलायला मऊ आणि नजरेनं करड्या. पाद्री लुंडीन, त्यांना कॉर्ड आवडलीये हे सगळ्या चर्चला माहीत होतं. आणि गस टाकाच, कारखान्यातला अर्व्हिनचा दोस्त. दोस्त म्हणजे एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांचंही अन्न पचत नाही, असला.

"काय म्हाताऱ्या," गस आत शिरतानाच म्हणाला, "तुझं हे हिरवं धूड अजून चालतं का, की ढकलत आणायचं?"

"तुझ्यापेक्षा बरं चालतं. आणि धूर कमी सोडतं."

मी सगळ्यांना आधी घरात रूबार्बची आंबटगोड पाई खायला बसवायचा प्रयत्न केला. पाद्री बसले. ओस्टबीबाई म्हणाल्या, "आधी गाडी बघू या, मिसेस प्रुस्का." झालं, पाद्रीही बशी हातात घेऊनच गॅरेजमध्ये आले.

अर्व्हिन बोलत होता तेव्हा त्याचा हात गाडीवरून फिरत होता. आरशासारखी चमक सगळेच बघतात, त्याची तळहातानं बघायची सवय. दारं, छप्पर, मागचा उतार. "हे बघा, ही रेघ इथं सुरू होते आणि कुठेही न थांबता खाली जाते. थांबलात तर तुम्हीच थांबता, ती थांबत नाही. त्या वर्षी मी लायनीवर होतो. हिच्यावर माझा हात फिरलाच असणार."

"तीन लाख गाड्या निघाल्या रे त्या वर्षी," गस म्हणाला.

"मग तीन लाखांत एक ही."

ओस्टबीबाई हसल्या. मी खोक्यांना पाठ टेकून उभी होते. तेवढ्यात गस म्हणालाच, "डोरीन, हे काय लावलंयस? डावी बाजू दिसू दे की. ख्रिसमसचं झाड? जून चाललाय, बाई!"

"राहू दे गस, जड आहेत ते."

"जड? हे?" आणि त्यानं वरचा खोका एका हातानं उचलला. मग दुसरा, मग तिसरा. अर्व्हिन बॉनेटवरून हात फिरवत इकडेच येत होता. मी म्हटलं, "अर्व्हिन, इंजिन दाखव ना त्यांना." तो म्हणाला, "दाखवतो, घाई काय आहे." आणि त्याचा तळहात डाव्या मडगार्डवर आला, पुढे सरकला आणि थांबला.

तो मागे गेला. अंगठा कडेवरून पुन्हा एकदा हळू फिरला. रंग जिथं संपतो तिथला तो बारीक उंचवटा त्याच्या अंगठ्याला कळला होता. पाद्रींचा काटा बशीवर वाजला.

"डोरीन," तो म्हणाला, "इथं राखाडी आहे का?"

गसनं वाकून पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "आहे."

अर्व्हिननं खिशातून रुमाल काढून हात पुसले. मग ताठ उभा राहिला, ओस्टबीबाईंच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून.

"बाई, नोंद करा. डाव्या मडगार्डच्या कडेचा रंग गेलाय. हे कारखान्याचं काम नाही, माझं आहे. परवा मशीन लावलं मी. हात जड झालाय माझा." रुमाल खिशात ठेवत म्हणाला, "डॉक्टरांची कॉर्ड घ्या. खरंच देखणी आहे ती. दिवे मडगार्डात मिटून घेते, झोपल्यासारखी."

"तुला कुणी विचारलंय?" मी भडकलेच. "तू काय समितीत आहेस?" आणि रडू आलं म्हणून घरात निघून गेले.

गस एरवी असली संधी सोडत नाही. त्या दिवशी मात्र सोडली. त्या राखाडी पट्ट्यावर बोट ठेवून तो तसाच उभा होता, एवढं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं.

ते गेल्यावर अर्व्हिन टेबलाशी येऊन बसला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"म्हणून खोके."

"हो."

"वरून काही फासलं नाहीस ना?"

"आणलं होतं. लावलं नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि उरलेली पाई स्वतःकडे ओढली. डोळ्यांचं तो बोलला नाही. मीही बोलले नाही.

शुक्रवारी टेक्सासवाल्याचा फोन आला. ट्रेलर घेऊन उद्या निघतो, म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. फोन ठेवते तोवर मागच्या दारात गस. टोपी हातात, चेहरा उतरलेला. मला वाटलं, संपलं.

"बसत नाही," तो म्हणाला आणि बसला. "पाद्रींचं मत कॉर्डला. बाईंचं ब्यूकला, त्या म्हणतात की डागासकट घेऊ. राहिलो मी. मला ती कॉर्ड जास्त आवडते, अर्व्हिन, तुला तोंडावर सांगतो. तुझी ब्यूक म्हणजे रविवारी चर्चला निघालेली जाडी मावशी."

"बरं," अर्व्हिन म्हणाला.

"पण ते राखाडी." गसनं टोपी गुडघ्यावर ठेवली. "माझा बाप त्या वर्षी अस्तराच्या खोलीत होता. दिवसभर फवारा. घरी यायचा तर भुवयासुद्धा राखाडी. आई त्याला अंगणातच थांबवायची. त्यानं आयुष्यभर जे मारलं त्यातलं काही कधी कुणाला दिसलं नाही रे. वरून तुमचे हिरवे-निळे आले की झालं. परवा पहिल्यांदा बघितलं मी." त्यानं टोपी गुडघ्यावर फिरवली. "त्याचंच असेल असं नाही म्हणत. चार माणसं होती पाळीला."

मग अर्व्हिन म्हणाला, "तुझा बाप फार पातळ मारायचा. हात आखडता होता त्याचा."

"माझ्या बापाला काही बोलायचं नाही. एवढं घासूनही टिकलंय ना ते?"

"टिकलंय," अर्व्हिन म्हणाला. "टिकलंय खरं."

गसनं मत ब्यूकला दिलं होतं. टेक्सासवाल्याला फोन मी केला, आणि अगदी गोड आवाजात केला.

ऑगस्टच्या शेवटी, आम्ही निघायच्या आदल्या दिवशी, काचेवरचा पडदा काढला. सगळं गाव लोटलं होतं. गसनं हट्ट धरून डावी बाजू रस्त्याकडे ठेवायला लावली होती. आत गाडीभोवती जाड दोर आणि पाटी, हात लावू नये. अर्व्हिन दोराशी जाऊन उभा राहिला. त्याचा उजवा हात थोडा पुढे झाला आणि खाली आला. मी पहारेकऱ्याकडे विनवणीनं पाहिलं, तो बिचारा दुसरीकडे बघायला तयारही होता. पण अर्व्हिननंच मान हलवली. "नियम तो नियम. सगळेच हात लावायला लागले तर काय राहील तिचं?"

बाहेर फुटपाथवर आलो. गर्दी पांगली होती. अर्व्हिन काचेसमोर उभा राहिला, मान जरा तिरकी करून, कडेच्या नजरेनं. ओस्टबीबाईंनी त्या सकाळी काच दोन माणसं लावून धुऊन घेतली होती. आतली चारही भोकं, तो राखाडी पट्टा, पलीकडचा दोर, सगळं स्वच्छ दिसत होतं मला.

"धुरकट आहे," अर्व्हिन म्हणाला. "काच पुसत नाहीत वाटतं हे लोक."

माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"नाही पुसत," मी म्हटलं. "आळशी मेले."

त्यानं खिशातून रुमाल काढला, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि पुसायला लागला. गोल गोल, हलक्या हातानं, जसं कारखान्यात शिकवायचा तसं. मी त्याची टोपी धरून उभी राहिले.

"जरा वर," मी म्हटलं, "तिथं राहिलंय थोडं."