हौसाबाईला बघायला आलेले अग्नी

हौसाबाई सकाळी वारली आणि ऊन ओसरीवर यायच्या आत तिला बघायला तीन अग्नी आले. रीतीभातीचे होते. पायरीशी वहाणा काढून आत आले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. सतरंजी जळली नाही.

हौसाबाईची मुलगी अनुसया आईच्या उशाशी होती. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हणून चहाचा प्रश्नच नव्हता. तिने पाहुण्यांना पाणी विचारलं. तिघेही घाईघाईने नको म्हणाले.

"बोलून घ्या लवकर," तिचा थोरला भाऊ जालिंदर म्हणाला. "जागा कमी व्हायला लागलीया."

ते खरंच होतं. मयत घरात असलं की खोली आवळत जाते. मघापासून भिंती हातभर पुढे सरकल्या होत्या आणि कॅलेंडर जालिंदरच्या कानाला लागत होतं.

पहिला अग्नी लाकडाचा. डोक्याला पटका, मिशीला पीळ. "आमचं घराणं जुनं," तो म्हणाला. "बाभळीच्या ओंडक्यांवर नेतो. धूर चार गावांना दिसतो."

दुसरा शेणींचा, गोवरीसारखा गोल आणि सुस्त. "आमच्याकडं शेजारपाजार शेणी आणून देतोय," तो म्हणाला. "मी सावकाश करतो. दुसऱ्या दिवशी राख बघा, पिठावानी."

तिसरा विजेचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकी. "धूर नाही, वास नाही. तासा-दोन तासांत अस्थी हातात. मात्र दार बंद असतं. आत बघता येणार नाही."

"ह्यालाच देऊया," जालिंदर म्हणाला. "झटपट."

अनुसयाला राग आला. मुलीला मागणी आली तरी माणूस चार गोष्टी विचारतो, आणि इथे तर आई द्यायची होती. हौसाबाईने उभा जन्म चुरमुऱ्याची भट्टी चालवली. तिच्या पोत्यात करपलेला दाणा शोधणाऱ्या व्यापाऱ्यांचे डोळे गेले, पण दाणा सापडला नाही. अनुसयाने डब्यातले तांदूळ घेतले आणि तिघांच्या तळहातांवर मूठ मूठ ठेवले.

"फुलवून दाखवा," ती म्हणाली.

लाकडाच्या हातावर निम्मे तांदूळ कोळसा झाले. नाव मोठं, लक्षण खोटं. विजेच्या हातावर सगळे एकसारखे फुलले, पण तडतड म्हणून झाली नाही. आवाज न करता फुललेला चुरमुरा हौसाबाई गुरांना घालायची. शेणींचा अग्नी हाताकडे बघत बसला आणि म्हणाला, "उद्या सकाळपातूर थांबा की."

भिंती आता सगळ्यांच्या गुडघ्यांना टेकल्या होत्या.

तेवढ्यात परसातल्या भट्टीतला अग्नी मागच्या दाराने वाकून आत आला. त्याच्या पायांना वाळू होती. त्याला बघून तिघे पाहुणे उठून उभे राहिले.

"बस की," अनुसया म्हणाली.

"बाईंच्या म्होरं मी कधी बसलो न्हाई," तो म्हणाला. "त्यांस्नी मी नेतो. पर एकदा गेलो की माघारी यायचो न्हाई."

"अनू, भट्टी इझली तर खायाचं काय?" जालिंदर ओरडला.

अनुसयाने त्या अग्नीकडे पाहिलं. एवढा धिप्पाड, पण तिच्या आईसमोर मान वर करत नव्हता. तिचा ऊर अभिमानाने भरून आला. राजाराणीला असा मान मिळाला नसेल, तो तिच्या आईला मिळत होता.

"खाऊ काय बी, दादा," ती म्हणाली. "आईला हाच नेईल."

तिघे पाहुणे वहाणा शोधायला बाहेर गेले. भट्टीतला अग्नी हौसाबाईच्या पायांशी वाकला. भिंत अनुसयाच्या पाठीला लागली, दुसरी जालिंदरच्या छातीला. मधे तिरडीपुरती जागा उरली.

पांढऱ्या कापडातून हौसाबाईचा हात बाहेर आला. तिने अग्नीच्या डोक्यावर तळवा धरला, थोडा वर, न टेकवता. तांदूळ टाकायच्या आधी वाळू तापली का, हे ती असंच बघायची.

"अजून न्हाई," हौसाबाई म्हणाली. "वाईच तापू दे."

आणि तो मान खाली घालून तापू लागला.