चार कोटींचा गुडघा

मित्रांनो, फुटबॉलपटू ज्याच्यावर आडवे होऊन आपले दुखणे सांगतात, ते मालिशचे जुने टेबल मी. उत्तर इंग्लंडमधल्या हॅल्सबी गावच्या क्लबसाठी एका सुताराने मला बंद पडलेल्या चर्चच्या बाकांपासून बनवले. कित्येक घोटे, पोटऱ्या आणि शिव्या मी झेलल्या. खेळाडू मला 'म्हातारं' म्हणत, पण प्रेमाने.

पूर्वी आमचा गोलरक्षक दुसऱ्या क्लबला विकला गेला, तेव्हा थोडे पैसे आणि सरावाचे सदरे मिळाले. सगळे हसले, तोही हसला. आता भाव ऐकून कुणी हसत नाही.

ओवेन टॅटर्सॉल एकोणीस वर्षांचा. त्याच्यासाठी लंडनच्या एका श्रीमंत क्लबने चार कोटी पौंड देऊ केले. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. गाडी दाराशी उभी होती आणि ओवेन माझ्यावर गुडघा धरून पडला होता.

"ग्लेन, गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजतं."

ग्लेन म्हणजे ग्लेनिस, आमची फिजिओ. तिचे हात थांबले. "आणि हे आत्ता सांगतोस, गाढवा?"

"आधी सांगितलं असतं तर सौदा मोडला असता. क्लब कर्जात बुडालाय, त्याला टाळं लागलं असतं. गावाने मला जगू दिलं असतं का?"

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष हॅस्लम आत आले. त्यांचे गालिच्यांचे दुकान आहे. "ग्लेनिस, बाई माझे, पट्टी बांध आणि पाठव. तिकडच्या डॉक्टरांना दिसलं तर दिसलं. तू तोंड उघडू नकोस."

"गालिचा नाहीये तो, हॅस्लम. भोक पडलं तर कोपऱ्यात सरकवता येणार नाही."

तिने तिथूनच लंडनला फोन लावला आणि खरे ते सांगितले. हॅस्लम भिंतीला टेकले. ओवेनने माझी कड घट्ट धरली. आता सौदा मोडणार, असेच सगळ्यांना वाटले.

पलीकडचा माणूस मात्र हसला. "गुडघा ना? पाठवा हो. त्या जागेसाठी आम्ही आज आणखी दोघे घेतलेत. हा नाही टिकला, तर ते आहेत."

हॅस्लमनी ग्लेनिसला मिठीच मारली. ओवेनचा चेहरा मात्र पांढरा पडला. इतका घाबरलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"तिकडे माझा गुडघा कोण बघेल, ग्लेन?"

तिने त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तो गेला.

त्या पैशातून विजेवर वरखाली होणारे नवे टेबल आले. मी आता गवतकापणीच्या यंत्राशेजारी उभे आहे. मैदानाचा माळी शनिवारी रेडिओवर ओवेनच्या नव्या क्लबचा सामना लावतो. गोल कुणी केला, याकडे माझे लक्ष नसते. गर्दी एकदम गप्प झाली, की माझे लाकूड गार पडते.

मित्रांनो, एखादा खेळाडू खाली पडला, तर तो केवढ्याला घेतला होता ते एकमेकांना विचारू नका. आधी तो उठतोय का, ते बघा.